शिडीला चेंडू मिळत नाही

६ जानेवारी

प्रिय ताई,

गेल्या वेळी फोन मी आपटला, कबूल. पण तूही आपटणारच होतीस, मी फक्त आधी पोचले. फोनवर आपलं चार मिनिटांच्या वर जमत नाही, तेव्हा पत्रच बरं. पत्रात तरी मधेच तोडता येत नाही.

ताई, मी थकले गं. दिवसभर लोकांच्या पायऱ्या चढून पाण्याची मीटरं वाचायची, आणि संध्याकाळी हॉलमध्ये माझ्या व्हॉलीबॉल संघातल्या बारा जणींची तोंडं. तीन मॅच झाल्या, तिन्ही हरलो. हरल्याचं दुःख आहेच, पण ज्या तऱ्हेनं हरलो त्यानं डोकं फिरायची वेळ आलीय. परवा टपालवाल्यांच्या संघाविरुद्ध चेंडू दोघींच्या बरोब्बर मधे पडला. दोघी उभ्या. शेजाऱ्यांचं मांजर घरात शिरावं आणि 'हाकलायचं कुणी' असं व्हावं, तशा बघत होत्या त्याच्याकडे.

गेल्या वर्षी याच मुली दुसऱ्या आल्या होत्या. बदललीय ती एकच. नवी मुलगी पार्सलच्या गोदामात काम करते. उंची अशी की आपल्या हॉलच्या दारातून मान वाकवून आत येते. मुलींनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, शिडी. तिच्या तोंडावर नाही, पण तिला कळायचं ते कळलंच. हात असा चालतो की समोरच्यांनी चेंडू अडवायच्या आधी डोळे मिटावेत. तिच्यासाठी जागा करावी लागली, त्यात एक जुनी मुलगी सोडून गेली. चालायचंच. पण शिडी आल्यापासून संघाचे दोन भाग झालेत. एका भागात अकरा जणी, दुसऱ्यात ती.

मी काय काय करून पाहिलं ते विचार. तळ्यावर सहल नेली. दोन होड्या घेतल्या. एकीत अकरा जणी चढल्या, होडीवाला ओरडतोय तरी. दुसरीत शिडी आणि मी. तासभर तिनं वल्हवलं आणि मी हवापाण्याविषयी बोलले. मग क्लबच्या सेक्रेटरींनी दिलेल्या पुस्तकातला प्रयोग केला: एकीनं डोळे मिटून मागं पडायचं, दुसरीनं झेलायचं, म्हणजे विश्वास वाढतो. आमची खारूताई पडली (ती बुटकी, चेंडूच्या मागे सरपटणारी) आणि झेलायला उभ्या असलेल्या कप्तानबाईंना नेमकी शिंक आली. विश्वास राहिला बाजूला, खारूताईचं कोपर सुजलं.

समितीनं स्पष्ट सांगितलंय, पहिल्या चारांत आलो नाही तर महिला संघाचे हॉलचे दिवस टेबल टेनिसवाल्यांना. उरलेल्या पाच मॅचमधल्या चार जिंकायला हव्यात.

चिंगीची काळजी करू नकोस. तुझी लेक कॉलेज, जेवण, झोप सगळं वेळेवर करते. आणि हात काय आहेत! तुझीच बोटं उचलून लावलीत. ती सेटर आहे, चेंडू उचलून देणारी, म्हणून हा गाडा चालतोय तरी. अख्ख्या संघात एकटी तीच, जिच्याबद्दल मला तक्रार नाही.

काहीतरी सुचव. तू दहा वर्षं खेळलीस, मी सहाच.

तुझी
धाकटी

---

१३ जानेवारी

प्रिय धाकटे,

पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना मी मनातल्या मनात तुला तोडत होते.

होडीत बसवून संघ होत नसतो, बाई. आमच्या वॉर्डात दोन नर्स आहेत, सात वर्षं एकमेकींचं तोंड बघत नाहीत. एकीनं दुसरीच्या नवऱ्याला कधीतरी काहीतरी म्हटलं होतं; काय ते आता दोघींनाही धड आठवत नसेल. पण पाळी बदलताना पहिली दुसरीला प्रत्येक पेशंटचं सगळं सांगते. कुणाचं बीपी पडलं, कुणाची सुई नीट लागली नाही, कोण घाबरलंय. कपाळावर आठी घालून सांगते, पण सांगते. एकही गोष्ट गाळत नाही. ज्या दिवशी गाळेल त्या दिवशी मी घाबरेन.

तुझ्या पत्रात रुसवेफुगवे खूप आहेत, खेळच नाही. एक कागद घे आणि पुढच्या मॅचला रेघा मार. चेंडू कुणाला किती वेळा मिळतो ते बघ. बाकी सगळं मागाहून.

आणि सोडून गेली ती कोण? भिंगरी तर नव्हे? ती पाच वर्षं होती ना तुझ्याकडे? चिंगीची ती सावली होती. तू 'एक जुनी मुलगी' म्हणून पुढे गेलीस, म्हणून विचारते.

चिंगीचं पत्र आलं. चार ओळी. 'मी बरी आहे, तू बरी असशील.' बँकेकडून येतं तसं. दोन वर्षं झाली तुझ्याकडे राहायला येऊन, मला अशीच पत्रं येतात. तुझ्याशी तरी बोलते का?

तुझी ताई

---

२४ जानेवारी

प्रिय ताई,

हो, भिंगरीच. अगं, खेळात असं होतं. उंची कमी, पाय पूर्वीसारखे चालत नाहीत, त्यात चष्म्याच्या दुकानात नोकरी लागल्यापासून सरावाला रोज उशीर. नवी यादी केली त्यात तिचं नाव नव्हतं. तिनं यादी वाचली, बूट पिशवीत घातले आणि गेली. रडली नाही, भांडली नाही. समजूतदार आहे ती.

आता माझं ऐक. मंगळवारी सराव सुरू करायला गेले तर शिडी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर अनवाणी बसलेली. तिचे बूट फरशी पुसायच्या बादलीत, नाकापर्यंत पाण्यात. आणि बाकीच्या अकरा जणी भिंतीकडे तोंड करून केस बांधतायत. अकराही जणींचे केस एकाच वेळी सुटले होते!

माझा पारा चढला. म्हटलं, "ज्या कुणी केलंय तिनं पुढे या. नाहीतर सगळ्या चाळीस फेऱ्या." कुणी पुढे आलं नाही. चाळीस फेऱ्या काढल्या. शिडीला म्हटलं, तू बस. ती बसली नाही. ओल्या बुटांत पचपच आवाज करत सगळ्यांच्या पुढे धावली. धावून झाल्यावर एकीनंही माझ्याकडे पाहिलं नाही. अभिनंदन कर ताई, तुझ्या बहिणीनं शेवटी संघ एक केला. माझ्याविरुद्ध.

आणि हो, मारल्या तुझ्या रेघा. शनिवारची मॅच जिंकलो, पण समोरचा संघ म्हणजे चार मुली आणि दोन खांब. चिंगीनं एकूण सत्त्याण्णव चेंडू उचलून दिले. शिडीला किती? नऊ. मी परत मोजले. नऊच.

घरी आल्यावर चिंगीला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, शिडीची जागा माझ्या पाठीमागे असते. न बघता डोक्यावरून मागं द्यावा लागतो. पासच वाईट येतात, मग तो चेंडू मला जमत नाही." पटण्यासारखं आहे. तेव्हा आता पास सुधारायचे. आठवडाभर तेच चाललंय आणि सगळ्या माझ्यावर दात खाऊन आहेत.

धाकटी

---

३० जानेवारी

धाकटे,

पाठीमागचा चेंडू चिंगीला जमत नाही?

अकराव्या वर्षी जमत होता. गच्चीवर मी तिच्या मागे बादली ठेवायचे आणि ती न बघता दहातले सात बादलीत टाकायची. भिंगरी पाच वर्षं त्याच जागेवर खेळली, तिला कसे मिळायचे?

याहून जास्त मी लिहिणार नाही. एक कर. भिंगरीला जाऊन भेट.

ताई

---

९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी भांडी आपटत होते. म्हणजे तुझं म्हणणं असं, की तुझी लेक माझ्याकडे येऊन बिघडली? जे तू गच्चीवर शिकवलंस ते मी हॉलमध्ये घालवलं? सरळ लिही की. कोडी घालू नकोस, मी दिवसभर आकडेच वाचते, मला कोडी सुटत नाहीत.

आणखी एक मॅच जिंकलो, एक हरलो. शिडी परवा सरावानंतर थांबली. म्हणाली, "बाई, दोन मॅच राहिल्यात. त्या खेळते, मग मी संघ सोडते."

"का?"

"गोदामात मी दिवसभर एकटीच असते. एकटं राहायला मला इथे यायची गरज नाही."

पाठीवर थोपटायला गेले तर हात खांद्यापर्यंत पोचेना.

चिंगीला विचारलं, बुटांचं कुणी केलं तुला माहीत आहे का. "मला काय माहीत," म्हणाली आणि अर्धं ताट तसंच उचलून आत गेली. मुलगी दमलीय, अभ्यास आहे. तिच्यावर संशय घ्यायला मला लावू नकोस.

धाकटी

---

१३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

कोडं नको म्हणालीस, तर ऐक. आणि ऐकून मला शिव्या दे, त्या माझ्याच वाट्याच्या आहेत.

बूट चिंगीनं भिजवले. चेंडूही तीच देत नाही, ठरवून. मला हे पंचवीस जानेवारीपासून माहीत आहे. तिचं सहा पानी पत्र आलं होतं, आणि वर तांबड्या शाईनं 'मावशीला सांगायचं नाही'.

तिनं लिहिलंय ते तसंच उतरवते: 'आई, भिंगरी सरावाला आली तेव्हा दारावर कागद चिकटवलेला होता. आम्ही सगळ्या तिथेच होतो. मावशी आत नेट बांधत होती. एकदा बाहेर येऊन बोलली असती तरी चाललं असतं. भिंगरी गेली आणि मावशीनं शिट्टी वाजवली. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर शिडी. मावशी घरी जेवताना शिडीच्या उंचीचं सांगते, शिडीच्या उडीचं सांगते. भिंगरीचं नावसुद्धा नाही. मावशीला मी काय बोलणार? मी तिच्या घरात राहते. म्हणून मी शिडीला चेंडू देत नाही. आणि बाकीच्याही तिच्याशी बोलत नाहीत. आई, तिचा काही दोष नाही हे मला माहीत आहे. तरी बूट मीच भिजवले.'

धाकटे, त्या पोरी शिडीवर रागावलेल्या नाहीत. तुझ्यावर आहेत. तुझ्यावर काढता येत नाही, म्हणून तिच्यावर काढतायत.

आता माझं. मी गप्प का बसले? शब्द दिला होता, हे एक. पण खरं सांगू? दोन वर्षांत तिनं मला पहिल्यांदा सहा पानं लिहिली. ती तुझ्याकडे राहायला गेली तेव्हा मी हसून निरोप दिला आणि नंतर आठवडाभर तिच्या खोलीचं दार बंद ठेवलं. ती शेवटी माझ्याकडे आली, तुला सोडून. मला ते बरं वाटलं. ते बरं वाटणं मला घालवायचं नव्हतं, म्हणून तुला गच्चीबिच्चीच्या गोष्टी सांगत बसले. तिकडे एक परकी पोर ओल्या बुटांत धावत होती.

चिंगीलाही आजच लिहितेय की मी शब्द मोडला.

तुझी ताई

---

२ मार्च

धाकटे,

अडीच आठवडे झाले. फोनही उचलत नाहीस. चिंगीकडूनही काही नाही. रागावली असलीस तर रागावल्याचं तरी कळव.

ताई

---

१० मार्च

प्रिय ताई,

रागावले होते. अजून थोडी आहे. तुझं पत्र वाचलं आणि पहिला विचार आला तो असा, की मीटर वाचणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातला आकडा दिसला नाही. दुसरा विचार तुझ्याबद्दल होता, तो लिहीत नाही.

भिंगरीकडे गेले. चष्म्याच्या दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर ती फ्रेम बसवत होती. मला बघून म्हणाली, "काय बाई, नंबर वाढला का?"

ते गृहस्थ जाईपर्यंत थांबले. मग म्हटलं, "माफी मागायला आलेय. तुला आधी सांगायला हवं होतं. कागद चिकटवून मी आत जाऊन बसले. तुझ्याशी बोलायची हिंमत नव्हती माझ्यात."

ती काच पुसत राहिली. मग म्हणाली, "मी यादी तीनदा वाचली होती हो. म्हटलं, खाली कुठे राहिलं असेल. मग कागदाचा कोपरा उचलून मागच्या बाजूलाही पाहिलं."

मी तिथलं स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"परत ये," म्हटलं. "राखीव म्हणून तरी."

"नको. आता संध्याकाळची मी मोकळी असते, आवडायला लागलंय मला." आणि मला दारापर्यंत सोडायला आली. "मला न्यायला आला असाल तर उशीर झाला. माफी मागायला आला असाल, तर ठीक आहे, मागितलीत."

बस एवढंच. मिठी नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी काहीतरी जास्तीची अपेक्षा धरून गेले होते, हे बाहेर पडल्यावर लक्षात आलं.

घरी चिंगीला काहीच विचारलं नाही. तिला तुझं पत्र मिळालं होतं, तिला माहीत होतं की मला माहीत आहे. तीन दिवस आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात अशा वावरलो, की एकीनं नळ सोडला की दुसरीनं बाहेर जावं. चौथ्या दिवशी मी सरावाच्या आधी सगळ्यांना खाली बसवलं आणि सांगून टाकलं. यादी मी चिकटवली, तोंड चुकवलं, चूक माझी. शिडीचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

मग खारूताई म्हणाली, "बाई, तेव्हापासून हॉलमध्ये शिरताना आम्ही आधी दाराकडे बघतो. आज भिंगरी, उद्या मी. मग मधे पडणारा चेंडू घ्यायला कोण जाणार? चुकला तर?"

मी दोन महिने त्यांना चेंडूसाठी ओरडा म्हणून ओरडत होते, आणि त्या दाराकडे बघत होत्या.

तेवढ्यात चिंगी उभी राहिली. "बूट मी भिजवले," म्हणाली.

"माहीत आहे," शिडी म्हणाली.

"कसं?"

"धावताना बाकीच्या माझ्या नावानं खडे फोडत होत्या. तू एकटी गप्प होतीस." मग शिडी माझ्याकडे वळली, आणि मला वाटलं आता ही रडेल. ती रडली नाही, भडकली. "मी कुणाच्या जागेवर आलेय हे मला एकीनंही सांगितलं नाही! तुम्ही सगळ्या एकमेकींना ओळखता, भांडण तुमचं. मी काय कपडे टांगायची खुंटी आहे?"

चिंगी 'सॉरी' म्हणाली. शिडीनं नाड्या बांधल्या आणि कोर्टात जाऊन उभी राहिली.

त्यानंतरची मॅच जिंकलो. कशी ते विचारू नकोस, रडतखडत. म्हणजे शेवटच्या मॅचवर सगळं आलं. बंदरावरचा संघ, त्यांच्याच हॉलमध्ये. आणि मी चिंगीला बाहेर बसवलं. बुटांची शिक्षा व्हायला हवी होती. या वेळी आधी तिला समोर बसवून सांगितलं, का आणि कशासाठी. ती फक्त मान हलवत होती. दुसरी सेटर उतरवली. ती बिचारी चेंडू असा द्यायची, जसा कुणी गरम भांडं टाकून द्यावं. पहिला सेट पंचवीस–चौदा, दुसरा पंचवीस–सतरा. हरलो दोन्ही. मी पाण्याची बाटली आवळत बसले होते. वाटलं, संपलं. सोळा वर्षं या हॉलमध्ये घालवली, आणि आता टेबल टेनिस.

दुसऱ्या सेटनंतर शिडी माझ्याकडे आली. "बाई, चिंगीला आत घ्या."

"तिनं तुझे बूट..."

"ते मला सांगू नका, पाय माझे भिजले होते. पण हिचे चेंडू मला मारता येत नाहीत, तिचे येतील."

"तुम्हा दोघींचं मिटलं का?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी एखादी खुळी आहे. "मैत्री नकोय मला, बाई. चेंडू हवाय."

चिंगीला घेतलं. पहिलाच पास वाकडा आला, भिंतीकडे. चिंगी धावली आणि वळूनसुद्धा न बघता डोक्यावरून मागं दिला. शिडी तिथे आधीच हवेत होती. चेंडू खाली आपटल्याचा आवाज मला छातीत ऐकू आला. कुणी टाळी दिली नाही, कुणी कुणाकडे बघून हसलं नाही. चिंगी पुढच्या चेंडूसाठी परत जागेवर. पुन्हा तोच चेंडू. पुन्हा. तिसरा सेट घेतला, चौथा घेतला. मी रेघा मारत होते, मधे पेन्सिल मोडली तेव्हा मोजायचं सोडून दिलं.

पाचवा पंधरा–तेरा हरलो.

शेवटच्या चेंडूवर शिडीचा फटका नेटच्या पट्टीला लागला आणि आमच्याच बाजूला पडला. पाचवे आलो, ताई. पाचवे! चारात यायला दोन गुण कमी पडले. समितीचं पत्र परवा आलं. संघ बंद नाही केला, मेहरबानी म्हणायची, पण हॉलचे तीन दिवस गेले, उरला एक मंगळवार. एका दिवसात काय होणार? सेक्रेटरींशी भांडून आले, पुन्हा जाणार आहे. शिडी पुढच्या वर्षी राहणार की नाही, विचारलं तर म्हणते, बघू. चिंगी सुट्टीत तुझ्याकडे येतेय. तू शब्द मोडलास याचा राग तिला आहे, तयारीत राहा.

पण त्या दिवशी परतीच्या बसमधलं तेवढं सांगते. मी पुढच्या सीटवर बसले होते, कुणाशी बोलायची इच्छा नव्हती. शहराबाहेर पडलो असू, मागून शिडीचा आवाज आला, "शेवटचा चेंडू तू वीतभर खाली दिलास."

चिंगी म्हणाली, "खाली नव्हता. तूच उशिरा उडालीस."

"मी उशिरा? पास कसा होता ते बघितलंस का?"

"पासला काय झालं?" ही खारूताई, मागच्या सीटवरून. "चांगला होता पास. कप्तान मधे आली!"

"मी मधे आले? तू घेत नव्हतीस म्हणून आले!"

बघता बघता सगळ्या उभ्या. हातवारे, आरडाओरडा, कुणी सीटच्या पाठीवर टेकून चेंडू कुठून आला ते बोटानं दाखवतेय. शिडीचं डोकं छताला आपटलं तरी ती बोलतच होती, आणि चिंगी तिच्या बाहीला धरून, "नाही, थांब, आधी माझं ऐक." ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बाई, पोरींना आवरा की."

मी म्हटलं, "राहू द्या."

तुझी
धाकटी